कोल्हापुरात कारखाना टाकून तीन वर्षं झाली, उद्यमनगरबद्दल सविस्तर लिहितेय

आम्ही कडबाकुट्टी मशीन बनवतो, म्हणजे जनावरांचा चारा बारीक करायचं यंत्र, २ एचपी सिंगल फेजपासून ५ एचपीपर्यंत. २०२२ च्या मे महिन्यात भोसरीतला गाळा सोडला आणि गोकुळ शिरगावला भाड्याच्या शेडमध्ये आलो. तेव्हापासून पुण्यातले ओळखीचे लोक फोन करून एकच विचारतात, की कोल्हापूरला धंदा करणं परवडतं का, तिकडं सगळं मिळतं का, का जागा स्वस्त म्हणून गेलात. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. मी स्वतः राधानगरी तालुक्यातली, त्यामुळे आपल्या भागाचं कौतुक असणारच, पण इथं जे लिहितेय ते बिलं आणि डिलिव्हरी चलन बघून लिहितेय.

जागा स्वस्त म्हणून आलो नाही. भाड्यात फरक पडला, पण नुसत्या तेवढ्यासाठी १४ वर्षांचा बसलेला धंदा कुणी उचलून आणत नाही. खरं कारण वेगळं होतं. भोसरीत आम्ही फ्लायव्हीलचं, म्हणजे मशीनच्या जड चाकाचं, कास्टिंग (ओतीव लोखंडाचा भाग) एका ट्रेडरकडून घ्यायचो, ऑर्डर दिली की माल यायला अडीच-तीन आठवडे, आणि काही विचारलं तर उत्तर एकच, मागं लागलोय. एकदा माल उतरवताना बिल्टी, म्हणजे ट्रान्सपोर्टची पावती, माझ्या हातात आली आणि त्यावर माल कुठून निघाला तर शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर. म्हणजे ज्या लोखंडाची आम्ही भोसरीत बसून वाट बघत होतो ते माझ्या माहेरापासून तासा-दीड तासावर ओतलं जात होतं! त्या दिवशी घरी जाऊन यांना म्हटलं, आपण मधल्या माणसाला कमिशन देतोय ते एक वेळ जाऊ दे, पण ज्यानं ते ओतलंय त्याच्याशी आपण आजवर एक शब्द बोललेलो नाही.

तर हा रिव्ह्यू शिवाजी उद्यमनगरचा आणि आजूबाजूच्या एमआयडीसींचा आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, उद्यमनगर हा शहराच्या अगदी आतला जुना भाग, अरुंद रस्ते, पत्र्याच्या शेड, वर्कशॉपला लागून वर्कशॉप. मोठे कारखाने शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित एमआयडीसीत. कागलला किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा प्लांट आहे. पण लहान माणसाचं काम आजही उद्यमनगरातच होतं.

पहिला दिवस सांगते. फ्लायव्हीलचं ड्रॉइंग घेऊन एका पॅटर्नवाल्या मेस्त्रींकडं गेलो (पॅटर्न म्हणजे ज्याच्यावरून वाळूत साचा करतात तो नमुना), साठीच्या पुढचे, हातात चाळणीसारखा झालेला टॉवेल. त्यांनी कागद उलटासुलटा करून बघितला आणि रेट सांगायच्या आधी म्हणाले, "वैनी, हे ड्रॉइंग कुणी काढलंय? हितं कोपरा एवढा धारदार ठेवलासा तर कास्टिंग तिथंच तडकणार बघा. आणि मधला बॉस एवढा जाड आन् आरे एवढे बारीक, थंड होताना ओढाओढी हुणार की." (बॉस म्हणजे चाकाचा मधला जाड भाग, ज्यात शाफ्ट बसतो.) मी गप्पच बसले, कारण भोसरीत आमच्या दर लॉटमधले दोन-तीन फ्लायव्हील बरोब्बर त्याच कोपऱ्यात तडकलेले निघायचे, आणि ट्रेडर म्हणायचा ट्रान्सपोर्टमध्ये आपटलं असेल. चार वर्षं आम्ही ते खरं धरून पॅकिंगवर खर्च वाढवत बसलो होतो. मेस्त्रींनी पेन्सिलीनं कोपऱ्याला गोलाई दिली, बॉसची जाडी थोडी उतरवली, बीडाचं लोखंड, म्हणजे कास्ट आयर्न, थंड होताना मीटरला साधारण १० मिलिमीटर आक्रसतं म्हणून पॅटर्न तेवढं मोठं धरायचं, वर मशिनिंगला ३ मिलिमीटर ठेवायचे, वाळूतून सुटायला बाजू किंचित उतरती करायची, हे सगळं चहा यायच्या आत. त्यानंतर त्या कोपऱ्यात तडकलेला एकही पीस माझ्या शेडमध्ये आलेला नाही.

हे मला पुण्यात कधीच मिळालं नाही, आणि त्याचा दोष पुण्यातल्या लोकांना देत नाही. तिथं ड्रॉइंग ईमेलनं जायचं, कोटेशन ईमेलनं यायचं, मधला माणूस कामाचा जाणकार नसायचा, त्यामुळं चूक असली तरी ती तशीच ओतली जायची. इथं जो माणूस ओतणार तोच कागद बघतो. माझ्या मते कोल्हापुरात धंदा करायचा सगळ्यात मोठा फायदा हाच, बाकी सगळे फायदे याच्या नंतर.

आता अंतराचं. पॅटर्न एका गल्लीत, कास्टिंग शिरोलीला किंवा गोकुळ शिरगावातच, फेटलिंग आणि शॉट ब्लास्टिंग, म्हणजे कास्टिंगची साफसफाई, फाउंड्रीतच (ओतकामाच्या कारखान्यातच), मग टर्निंग, की-वे, ड्रिलिंग परत उद्यमनगरात, गिअर हॉबिंगवाला वेगळा, हीट ट्रीटमेंटवाला वेगळा, पावडर कोटिंग वेगळं, आणि हे सगळं माझ्या शेडपासून जास्तीत जास्त १५-२० किलोमीटरच्या आत. छोटा हत्ती सकाळी निघतो, एका ठिकाणी माल टाकतो, दुसऱ्या ठिकाणचा तयार माल उचलतो आणि दुपारी जेवायला परत. पॅटर्न तयार असेल तर फ्लायव्हील आता आठवडाभरात फिनिश होऊन हातात पडतो, त्यामुळं आधी तीन महिन्यांचा स्टॉक करून ठेवायला लागायचा तो आता तीन आठवड्यांचा पुरतो, आणि जो पैसा रॅकवर गंजत पडलेला असायचा तो मोकळा झाला. बँकेचं कॅश क्रेडिट कमी वापरलं जातं, व्याज वाचतं, ही बचत भाड्यातल्या बचतीपेक्षा किती तरी मोठी आहे. धंदा करणाऱ्याला हे लगेच कळेल.

आणि लहान काम कुणी नाकारत नाही हे मुद्दाम लिहिते. नवीन मॉडेलसाठी फीड रोलरचे, म्हणजे चारा आत ओढणाऱ्या रोलरचे, फक्त ४ पीस पाहिजे होते, मोठ्या शहरात चार पीस म्हटलं की समोरचा फोनच ठेवतो. इथं म्हणाले, "आणा की, बघूया." दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कुणाच्या हीटमध्ये आमचे चार साचे लावून ओतून दिले. हीट म्हणजे भट्टीतून एका वेळी निघणारा लोखंडाचा रस, तो कुणासाठी तरी निघणारच असतो, त्यात आपले चार साचे खपून जातात. भट्ट्या जवळजवळ असल्याचा हा फायदा कागदावर कुठं दिसत नाही.

हे सगळं इथंच का जमलं, तर त्याला जुनं कारण आहे. शाहू महाराजांनी १९०६ ला कापडाची गिरणी काढली, राधानगरीचं धरण हाती घेतलं, शाहूपुरीची गुळाची पेठ बसवली. पुढं नदीकाठानं ऊस वाढला, नदीतून पाणी उचलायला ऑइल इंजिनं आली, गुऱ्हाळावर चरक आले आणि ती बंद पडली की दुरुस्त करायला परदेशातनं पार्ट यायची वाट बघत बसलं तर ऊस वाळून जाणार. मग इथल्याच लोहार-सुतारांनी तो पार्ट उघडून बघितला, लाकडात तसाच कोरला, बीडात ओतला आणि बसवला. दुरुस्ती करता करता अख्खी इंजिनं इथंच बनायला लागली. म्हादबा मेस्त्री आणि वाय. पी. पोवार ही नावं इथल्या जुन्या लोकांच्या तोंडात अजून आदरानं येतात. म्हणजे उद्यमनगर शेतकऱ्याच्या अडचणीतून उभं राहिलं, आणि मी शेतकऱ्यासाठीच मशीन बनवते, त्यामुळं माझं काम इथल्या माणसाला समजावून सांगावंच लागत नाही. ब्लेडवाल्याला मी म्हटलं चाऱ्याची कुट्टी करायचीय, तर त्यानं लगेच विचारलं, "कडबा का वाडं?" कारण ज्वारीचा कडबा वेगळा आणि उसाचं वाडं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, वेगळं. वाड्याच्या पात्याची कड करवतीसारखी असते, त्यात सिलिका असते, मशीनचं ब्लेड लवकर बोथट होतं. त्यानं त्या हिशेबानं हाय कार्बन स्टीलचं हार्डनिंग बदलून दिलं. त्याच्या घरी चार म्हशी आहेत, म्हणून त्याला हे माहीत.

गिऱ्हाईक पण दारातच आहे. कोल्हापूर जिल्ह्यात गावोगाव दूध संस्था, १९६३ पासूनचा गोकुळ दूध संघ आहे, वारणा आहे. प्रत्येक घरात दोन-चार जनावरं, उसाच्या सीझनला वाड्याचे ढीग आणि बाकी दिवस हत्ती गवत. दुधाचं बिल दहा दिवसाला खात्यावर येतं, दिवाळीला दूध दर फरक येतो, त्यामुळं माझी विक्री कधी होणार ते मला कॅलेंडर बघून सांगता येतं. दिवाळीच्या आठवड्यात आणि उसाचं बिल जमा झालं की फोन बंद ठेवायची सोय नसते. काही गावांत संस्थेनं मध्ये पडून मशीनचे हप्ते दूध बिलातून वळते करून दिले, माझी त्यातली एकही उधारी बुडालेली नाही. आणि मशीनला काही झालं तर गिऱ्हाईक थेट शेडवर येतं, कधी कधी मशीन ट्रॉलीत घालूनच. पहिल्या वर्षी भुदरगड तालुक्यातल्या एका आजींनी येऊन सांगितलं की रिव्हर्सचा दांडा उजव्या बाजूला आहे, पण मी चारा डाव्या हातानं घालते, काही अडकलं तर माझा हात पोचतच नाही. आम्ही त्या आठवड्यात दांडा असा बदलला की दोन्ही बाजूंनी ओढता येतो. कडबाकुट्टीत हात जायच्या घटना किती वाईट असतात ते खेड्यातल्या माणसाला सांगायला नको. हा बदल भोसरीत बसून आम्हाला कधीच सुचला नसता, कारण तिथं ती आजी आमच्यापर्यंत पोचलीच नसती.

कच्च्या मालाचं थोडक्यात. मोल्डिंगची, म्हणजे साचे करायची, सिलिका वाळू घाट उतरलं की कोकणात, कणकवलीकडं कासार्डे भागात मिळते. पिग आयर्न, म्हणजे वितळवायचं कच्चं लोखंड, गोवा आणि बेल्लारीकडनं येतं, स्क्रॅप इथल्याच मशीन शॉपचं. पुणे-बंगळूर हायवे दारात, पुणे २३० किलोमीटर, बेळगाव ११० च्या आसपास. बेळगाव-निपाणीकडचे डीलर आम्हाला इथं आल्यावरच मिळाले, पुण्यातून त्या बाजूला भाडं परवडत नव्हतं.

माणसांचं जरा सविस्तर लिहायला पाहिजे. आयटीआय आणि पॉलिटेक्निकची पोरं मिळतात, आणि मशीनवर उभं राहायची त्यांना लाज वाटत नाही, कारण कुणाचा तरी काका नाहीतर आजोबा उद्यमनगरात टर्नर होता. माझ्याकडं आठ जण आहेत, तीन वर्षांत एकच सोडून गेला, तो पण स्वतःचं लेथ टाकायला, आणि आता मी त्याच्याकडंच शाफ्टचं काम देते. असेंब्लीत तीन बायका आहेत, कणेरीवाडी आणि उजळाईवाडीच्या, गिअरबॉक्सचं असेंब्ली त्यांच्याइतकं स्वच्छ कुणी करत नाही. पण फाउंड्रीत फेटलिंगला, भट्टीवर स्थानिक मुलं आता जात नाहीत, तिथं यूपी-बिहारचे कामगार आहेत आणि ते छठपूजा, होळीला गावी गेले की कास्टिंग लांबतं. हे धरून चाला.

आता जे चांगलं नाही ते. पहिला नंबर पूर. आम्ही येणार म्हटल्यावर सगळ्यांनी २०२१ चे व्हिडिओ पाठवले होते आणि ते खरेच आहेत, २०१९ ला आणि २०२१ ला शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं आणि पुणे-बंगळूर वाहतूक बंद पडली. माझी शेड उंचावर आहे, पाणी आत येत नाही, पण पाणी आत न येऊन काय उपयोग, गाडीच जात नसेल तर. जुलै-ऑगस्टमध्ये इथला प्रत्येक कारखानदार सकाळी उठून आधी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतो, ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका, आणि राधानगरीचे दरवाजे उघडले का ते बघतो. आम्ही आता जूनअखेर पुण्याकडच्या डीलरला जास्तीचा माल पोचवून ठेवतो आणि बेअरिंग, मोटर हे बाहेरून येणारं सामान महिन्याभराचं भरून ठेवतो. कुणी शेड बघत असेल तर ब्रोकरचं ऐकू नका, शेजारच्या चहावाल्याला विचारा २०१९ ला पाणी कुठपर्यंत आलं होतं, तो भिंतीवर खूण दाखवतो.

दुसरं, वीज. महाराष्ट्राचा औद्योगिक दर आणि शेजारी कर्नाटकचा दर हा इथल्या प्रत्येक बैठकीतला विषय आहे, फाउंड्रीवाले मध्यंतरी तिकडं जायची भाषा करत होते ती उगाच नाही. इंडक्शन भट्टी असेल तर वीज बिल हाच सगळा धंदा. माझ्यासारख्या असेंब्लीवाल्याला तेवढा त्रास नाही, पण कास्टिंगच्या किलोच्या रेटमध्ये तो येतोच.

तिसरं, पावसाळ्यात वाळूतला ओलावा. एका फाउंड्रीनं पहिल्या पावसाळ्यात आम्हाला ६० रोलर दिले, वरून एकदम छान, मशिनिंगला घेतल्यावर निम्म्यात ब्लोहोल, म्हणजे आत हवेच्या पोकळ्या. वाद झाला, तेरा दिवस वाया गेले, एका डीलरची ऑर्डर हातातून गेली. शेवटी त्यांनी माल बदलून दिला पण आमचं मशिनिंगचं नुकसान दिलं नाही, म्हणाले कास्टिंगचीच जबाबदारी आमची. बोलणी तोंडी झालेली, मला दाखवायला कागद नव्हता. इथं शब्दावर खूप व्यवहार चालतात आणि बहुतेक वेळा शब्द पाळला जातो, पण रिजेक्शन झालं तर मशिनिंग कुणाच्या डोक्यावर हे परचेस ऑर्डरवर लिहून घ्याच. वाईट वाटून घेत नाहीत, मी लिहायला लागल्यापासून उलट जास्त मान देतात.

तारखांचं पण बोलते. "उद्या देतो की" याचा अर्थ नेहमी उद्या नसतो. जोतिबाची चैत्र यात्रा, गणपती, दसरा, गावची जत्रा, त्यात पाहुण्यांचं जेवण, हे सगळं धरून प्लॅनिंग करा. मला पहिल्या वर्षी राग यायचा. आता मी चैत्र यात्रेच्या आठवड्यात डिलिव्हरीची तारीखच देत नाही, माझी माणसं पण जातात आणि परत आल्यावर दुप्पट काम करतात. उद्यमनगरात पार्किंग मात्र खरंच वाईट आहे, टेंपो उभा करायला जागा नाही, सकाळी साडेनऊच्या आत माल टाकला तर ठीक.

कुणी येऊ नये ते पण सांगते. ज्यांचं गिऱ्हाईक दर आठवड्याला समोरासमोर मीटिंग मागतं आणि ते दिल्ली-चेन्नईला आहे, त्यांनी विचार करावा. उजळाईवाडीच्या विमानतळाचं नवीन टर्मिनल २०२४ ला सुरू झालं, त्याच वर्षी पुण्याला वंदे भारत पण, पण पुण्या-मुंबईइतकी सोय नाहीच. कोर्टाच्या कामाला मुंबई गाठायला लागायची ती ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच इथं आल्यामुळं वाचली, ज्यांचे वसुलीचे दावे वर्षानुवर्षं पडलेत त्यांना याची किंमत विचारा. आणि ज्यांना फक्त प्लास्टिक मोल्डिंग किंवा इलेक्ट्रॉनिक्स करायचंय त्यांना इथला खरा फायदा मिळणार नाही, कारण इथली ताकद बीडात आणि मशिनिंगमध्ये आहे. कापड असेल तर इचलकरंजी, चांदीचे पैंजण असतील तर हुपरी, चप्पल असेल तर इथल्या गल्ल्या, प्रत्येक गावाचा हात एका कामावर बसलेला आहे, आपलं काम कुठल्या हातात बसतं ते बघून जागा निवडा.

मला विचाराल तर पाचपैकी साडेचार, अर्धा पुरासाठी आणि विजेसाठी कापला.

पहिल्यांदा जाणार असाल तर नुसतं ड्रॉइंग नेऊ नका, जुना पार्ट सोबत न्या, शक्यतो तुटलेला, कारण कुठं तुटलाय त्यावरून मेस्त्री निम्मं निदान करतो. साप्ताहिक सुट्टी सगळीकडं रविवारीच असते असं नाही, आधी फोन करा. रेट पहिल्याच भेटीत घासू नका, आधी काम समजावून घेऊ द्या. पहिलं बिल वेळेवर द्या, अगदी लहान असलं तरी, ते गल्लीत दुसऱ्या दिवशी सगळ्यांना माहीत होतं आणि पुढच्या दुकानात तुम्हाला उधारी न मागता मिळते. पॅटर्न कुणाचं, तुमचं का फाउंड्रीचं, हे पण सुरुवातीलाच ठरवा आणि त्यावर तुमचं नाव रंगवून घ्या.

आमचं ५ एचपीच्या नवीन गिअरबॉक्सचं पॅटर्न पुढच्या महिन्यात टाकायचंय. मेस्त्रींनी ड्रॉइंग आधीच मागून घेतलंय, कोपरे बघायला.